विद्यार्थी क्रमांक सात

आलेखावर आमची शाळा सगळ्यांच्या वर, एकटीच उभी होती.

खाली दोनशे चौदा शाळांचे करडे ठिपके दाटीवाटीनं बसलेले आणि वरच्या कोपऱ्यात एकच हिरवा. शर्वरीनं त्या हिरव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अण्णा, हे तुम्ही. पिंपळदरा."

मी आपला भिंतीएवढ्या पडद्याकडे बघत राहिलो. शर्वरी, माझी लेक, तांपेरेला येऊन नऊ वर्षं झाली, पण फिनलंडमधलं हे गाव मी आजवर फोनवरच पाहिलेलं. २०३९चा मे लागला, शाळेला सुट्टी पडली आणि मी खरोखरच इथं येऊन उभा राहिलो. गळ्यात बिल्ला, त्यावर ‘भानुदास दहातोंडे, शिक्षक’ आणि खाली परिषदेचं नाव: खेळातून शिक्षण, आंतरराष्ट्रीय परिषद. चाळीस देशांची माणसं जमलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिली दहा मिनिटं माझी होती, पुढची चाळीस शर्वरीची.

"एवढं काय केलं गं आम्ही?"

"तेच तर सगळ्यांना ऐकायचंय."

तिचा शोध काय होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एखाद्या पोरानं सात आठे चोपन्न म्हटलं, तर आपण चुकलो हे त्याला कळायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, कपाळामागं मेंदूत एक बारीक लहर उठते. मेंदूला चूक आधी कळते, माणसाला मागून. ही लहर शास्त्रज्ञांना जुनीच माहीत होती. शर्वरीनं ती पकडणारी कापडी पट्टी बनवली. कपाळाला बांधायची आणि खुशाल हला, बोला, हसा. आणि त्या पट्टीला तिनं एक खेळ जोडला, त्याचं नाव ‘पाट’. खेळात मूल पाटकरी होतं. धरणातून ठरल्या तासांपुरतं पाणी सुटतं, ते लहानमोठ्या शेतांना वाटून द्यायचं. त्यात अपूर्णांक आले, क्षेत्रफळ आलं, वेळेचं गणित आलं. लहर उठली की पुढचं शेत सोपं होतं. बराच वेळ उठली नाही की एखादा बांध वाढतो, एखादी मोरी तुंबते. मूल ना कंटाळत, ना रडकुंडीला येत.

मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच पटलं होतं. चांगले बुवा समोरच्यांच्या चेहऱ्याकडे बघत आख्यान लांबवतात, आखडतं घेतात. पट्टी तेच करत होती, फक्त एका श्रोत्यासाठी.

"आणि हा बघा," शर्वरीनं हिरवा ठिपका उघडला. आतून बारा रेषा निघाल्या. "विद्यार्थी क्रमांक सात. सलग तीन तास चाळीस मिनिटं खेळतो. लक्ष ढळत नाही, दमत नाही. सहा महिन्यांनी पट्टी न बांधता चाचणी घेतली, तर शंभरात एक्याण्णव. बाकीच्या शाळांतली मुलं तोवर निम्मं विसरलेली असतात. मी आख्ख्या जगाची आकडेवारी धुंडाळली, असं मूल दुसरं नाही. कोण आहे हा, अण्णा?"

मला हसू फुटलं. "सात नंबर म्हणजे निळ्या दोऱ्याची पट्टी. तो एक कुठं? ती तिघं आहेत. रुद्र, अल्फिया आणि आराध्या."

शर्वरी हसली नाही. "तिघं म्हणजे?"

मी सांगू लागलो. सांगताना मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेही इथं कबूल करतो.

वर्गात मुलं छत्तीस आणि पहिल्या खेपेला पट्ट्या आल्या बारा. म्हणून तिघांत एक दिली. पहिल्याच दिवशी रुद्रनं आपली पाळी संपल्यावर पट्टी जमिनीवर टाकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, वीणा कुणी खाली ठेवतं का?" आमच्या गावात दर वर्षी सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि नाम चालूच राहतं. पोरांनी ते जन्मापासून बघितलेलं. त्यांनी माझा शब्द झेलला. त्या दिवसापासून आमच्या वर्गात पट्टी खाली टेकली नाही. पाळी संपली की पोरं हसत-हसत एकमेकांच्या पाया पडायची आणि उठणारा बसणाऱ्याला सांगायचा, "बघ, तीन शेतं झाली, चौथं तिरकं आहे. त्याचे आधी दोन तुकडे कर, नाहीतर पाणी वाया जातं. मी दोनदा फसलो." ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही, असा त्यांनीच नियम केला. दिवाळीनंतर बाकीच्या चोवीस पट्ट्या आल्या. वाटल्याही. दोन दिवसांत पोरांनी परत आणून दिल्या. "गुरुजी, एकट्याला करमत नाही." त्या कपाटात आहेत, धूळसुद्धा बसू दिलेली नाही.

"मला वाटलं बारा जणांच्याच पालकांनी संमती दिली," शर्वरी सावकाश म्हणाली. "आणि चाचणीला? सातव्या क्रमांकावर कोण बसलं?"

"रुद्र आईबरोबर कांदे काढायला गेला होता, आराध्या मामाकडे. अल्फिया बसली."

"जो हजर तो?"

"त्यात काय, तिघांनाही येत होतंच की."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. मग क्रमांक सातची रेषा मोठी केली. तेव्हा दिसलं, की ती रेषा सलग नव्हतीच. दर चाळीस मिनिटांनी तिच्यात दोन मिनिटांची कोरी जागा होती.

"आम्हाला वाटलं पट्टी सैल होते," ती म्हणाली. "म्हणून ही दोन-दोन मिनिटं आम्ही गाळून टाकली आणि रेषा जोडून घेतली." ती त्या कोऱ्या जागांकडे बघत होती. "तेव्हा पट्टी कुणाच्याच डोक्याला नव्हती."

"तेव्हा पोरं बोलत होती," मी म्हणालो.

मग तिनं दुसरं एक चित्र पडद्यावर आणलं. वर्गाचा नकाशा होता. वर्गात लाकडी आडोशांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक बाक, एक पडदा, एक मूल. मुलाला शेजारचा दिसू नये अशी उंची.

"अकरा हजार सरकारी शाळांचा करार आहे. उद्या माझं भाषण झालं की दुपारी सह्या. जूनपासून खण बसवायला सुरुवात." तिचा आवाज कोरडा झाला होता. "मूल एकटं तीन तास लक्ष देऊन शिकू शकतं, हे आम्ही कशावरून ठरवलं माहीत आहे? क्रमांक सातवरून."

तेव्हा कुठं मला माझी चूक कळली. मेंदूतली लहर म्हणे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उठते. माझी उठायला अकरा महिने लागले.

*

संध्याकाळी तिच्या घरी पिठलं-भाकरी केली. आठ वाजले तरी खिडकीत लख्ख ऊन. मी पीठ मळत होतो, ती कांदा चिरत होती आणि कांद्याच्या निमित्तानं डोळे पुसायची सोय होती.

"तुम्ही सूचना वाचल्या होत्या का, अण्णा? पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, एक मूल, एक पट्टी."

"वाचल्या होत्या. इंग्रजीत होत्या तरी दोनदा वाचल्या."

"मग?"

"मला वाटलं, खेळ चालू राहिला म्हणजे झालं. कुणाच्या डोक्याला आहे याला काय महत्त्व?"

"तेवढ्यालाच तर महत्त्व होतं!" तिनं सुरी आपटली. "सहा वर्षं घातली मी यात. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आले नाही. गौरीगणपतीला एकदाही आले नाही. आणि तुम्ही मला भाषणाच्या आदल्या दिवशी हसत सांगताय, ती तिघं आहेत म्हणून."

मी भाकरी तव्यावर टाकली.

थोड्या वेळानं ती शांतपणे म्हणाली, "उद्या तुमच्या दहा मिनिटांत गावाचं सांगा. शाळेचं, मुलांचं सांगा. लोकांना आवडेल. पट्ट्यांचं काढू नका. मला सहा महिने द्या, मी मागून सगळं दुरुस्त करते."

"सहा महिन्यांत खण उभे राहतील."

"काढता येतात."

"शर्वरी, सरकारी शाळेत एकदा ठोकलेला खिळा तरी कुणी काढलेला बघितलायस का?"

तिला नको असताना हसू आलं आणि त्या हसण्याचाच तिला राग आला. "माझं काय होईल याचा विचार केलात?"

केला होता. दुपारपासून दुसरं काही केलंच नव्हतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. सप्ताहात एक बुवा आले होते. ऐन रंगात त्यांनी एका संताची कथा दुसऱ्याच्या नावावर सांगितली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पण पुढं गजर चालू असताना त्यांनी टाळ थांबवले, हात जोडले आणि म्हणाले, मंडळी, मघाशी मी चुकलो. पुन्हा सांगतो. आणि कथा पहिल्यापासून उचलली. दीड तास उशीर झाला, पण एक माणूस उठला नाही."

"ते कीर्तन होतं, अण्णा." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तिथं लोक देव ऐकायला बसतात. इथं चूक शोधायला बसतात."

आम्ही जेवलो. पिठलं चांगलं झालं होतं, पण ते कुणी बोललं नाही.

*

सकाळी सभागृहाकडे चालत निघालो. वाटेत नदी आहे, गावाच्या मधोमध धो-धो उतरते. पुलावर मी थांबलो.

"माझी दहा मिनिटं तू घे," मी म्हणालो. "मी आधी बोलत नाही. सांगायचं ते तुझ्या तोंडून जाऊ दे. पण तू सांगितलं नाहीस, तर शेवटी प्रश्न विचारतात तेव्हा मी उभा राहीन. पाठीमागून करायचं नाही म्हणून आत्ताच सांगतो."

"हे धमकावणं झालं."

"झालं. पण समोरासमोर झालं."

ती पुढं निघून गेली. तिच्या पाठीवरची बॅग बघत मी मागून चालत राहिलो. शाळेत सोडायला जायचो तेव्हाही ती अशीच पुढं चालायची.

सभागृहात पाचशे माणसं. प्रत्येकाच्या कानात एक खडा, तो समोरच्याचं बोलणं ज्याच्या-त्याच्या भाषेत सांगायचा. माझ्या कानातला खडा अगदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखं मराठी बोलत होता. शेजारी किसुमूहून आलेल्या एक शिक्षिका बसल्या होत्या, आकिन्यी नावाच्या. केनियातल्या तळ्याकाठच्या गावात चौथीला शिकवतात. भरदार बाई. त्यांनी वाकून काही विचारलं आणि खड्यातून आवाज आला, "आपल्या कन्या भाषण करणार आहेत काय?"

"होय," मी म्हणालो. "देव त्यांना बुद्धी देवो आणि मलाही."

त्यांच्या भाषेत ते काय झालं देव जाणे. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

शर्वरी बोलू लागली. फार सुरेख बोलली. लहर, पट्टी, पाट. एकेक गोष्ट अशी उलगडली, की पहिल्या ओळीतले तिचे वरिष्ठ मान डोलावत होते. माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मग तो आलेख आला आणि वरच्या कोपऱ्यात आमचा हिरवा ठिपका. तिनं जसं काल ठरवलं होतं तसंच सगळं सांगितलं. क्रमांक सात. तीन तास चाळीस मिनिटं. खण. टाळ्या पडल्या.

ती पाणी प्यायली. अध्यक्षबाईंनी प्रश्न मागितले.

मी हात वर केला. वीस वर्षं पोरांना हात वर करायला शिकवलं, पण हात एवढा जड असतो हे मला माहीत नव्हतं. ध्वनिक्षेपक माझ्याकडे आला. मी उभा राहिलो. समोर व्यासपीठावर माझी लेक आणि मधे एवढी माणसं.

"अण्णा," ती मराठीत म्हणाली, "बसा."

तिला वाटलं असावं ते फक्त मला ऐकू गेलं. पण पाचशे कानांतल्या पाचशे खड्यांनी ते आपापल्या भाषेत सांगितलं. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. कुणालाच कळेना, हा कोण आणि याला का बसवतायत.

"बसा," ती पुन्हा म्हणाली. "मी सांगते."

मी बसलो.

तिनं आलेख परत आणला. हिरव्या ठिपक्याला बोट लावलं आणि तो पुसून टाकला. शाळांची सरासरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जराशी खाली आली. "क्रमांक सात नावाचं मूल नाही," ती म्हणाली. "आठ नाही, नऊ नाही. बारापैकी एकही नाही. ती छत्तीस मुलं आहेत. आम्ही ज्याला एका मुलाचं लक्ष म्हणत होतो ते तिघांचं होतं. ही चूक शाळेची आहे असं तुम्हाला वाटेल. शाळेनं सूचना पाळली नाही, हे खरं. पण दर चाळीस मिनिटांनी ही कोरी दोन मिनिटं माझ्यासमोर होती आणि ती मी माझ्या हातानं गाळली. त्या दोन मिनिटांत मूल आपण काय शिकलो ते दुसऱ्याला आपल्या शब्दांत सांगत होतं. कदाचित सगळं शिकणं तिथंच झालं. कदाचित नाही. मला माहीत नाही. माझ्या पट्टीला ते मोजता आलेलं नाही. तोवर एकाही वर्गात खण बसवू नका."

पहिल्या ओळीतले वरिष्ठ उठले आणि शांतपणे बाहेर गेले. त्यांच्यामागून आणखी तिघं. टाळी कुणीच वाजवली नाही.

अध्यक्षबाई वेळ संपली म्हणणार, तोच आकिन्यीबाई उठल्या. ध्वनिक्षेपकाची वाट न बघता बोलल्या, म्हणून खडा गोंधळला, तुकड्या-तुकड्यांनी मराठी झालं. "आमच्याकडे... चार मुली, एक पट्टी... मी फॉर्मवर एक लिहिलं. मला भीती वाटली, पट्ट्या परत नेतील. आमचा ठिपका कुठला आहे, बाई?"

शर्वरीनं शोधला. खालच्या गर्दीतला, पण गर्दीच्या वरच्या काठावरचा एक करडा ठिपका. ती म्हणाली, "एका शाळेवरून काही सिद्ध होत नाही."

"नाही होत," आकिन्यीबाई म्हणाल्या आणि बसल्या.

*

दुपारी सह्या झाल्या नाहीत. पट्टीवरचा शोधनिबंध मागं घेतला गेला. चारच्या सुमारास शर्वरीच्या फोनवर पत्र आलं, संशोधन गटाचं प्रमुखपद तिच्याकडून काढून घेतलं होतं. पट्टीचं काम करता येईल, पण दुसऱ्याच्या हाताखाली. तिनं पत्र मला वाचून दाखवलं, हवामानाचा अंदाज वाचून दाखवावा तसं.

आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. तिच्या आईनं बांधून दिलेल्या शंकरपाळ्यांचा डबा मधे उघडा होता. दोघांचाही हात तिकडं जात नव्हता.

"अजून रागावली आहेस?"

"हो."

"बरं."

"बरं काय, अण्णा? तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे, त्या कोऱ्या जागांवर आहे. उतरायला वेळ लागेल."

"लागू दे."

तिनं एक शंकरपाळी उचलली, हातात फिरवली आणि परत ठेवली. समोर पाण्याकाठी दोन लहान पोरी एकाच सायकलवरून चालल्या होत्या. मागची पुढचीला रस्ता सांगत होती आणि पुढची ऐकत नव्हती. शर्वरी त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. मग बॅगेतून वही काढली. पडदा नाही, साधी कागदाची वही.

"सांगा."

"काय?"

"सगळं. पहिल्या दिवसापासून. कोण कुणाशेजारी बसलं, आधी पट्टी कुणाला मिळाली, उठताना कोण काय बोललं. ती दोन मिनिटं मला पाहिजेत. आठवत असेल तेवढंच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. गोड करून सांगू नका, तुम्हाला सवय आहे."

"आहे," मी म्हणालो.

मी डोळे मिटले. वर्ग डोळ्यांपुढं आणला. जूनची सकाळ, ओल्या दप्तरांचा वास, फळ्यावर तारीख.

"खिडकीशी आराध्या. तिच्या उजवीकडे अल्फिया, तिची वेणी सुटलेली होती. रुद्र मागून आला आणि मधे घुसला."

तिची पेन्सिल चालत होती. "दुसरी तिकडी?"

"पंख्याखाली शौनक. त्याच्याशेजारी गायत्री पठारे."

"आणि?"

मी खूप आठवलं. एक चेहरा यायचा आणि पुसट व्हायचा. कुठलंही एक नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं, छत्तीसांतलंच असतं.

"तिसरं कोण होतं, ते मला आठवत नाही," मी म्हणालो.

तिनं तिथं जागा कोरी सोडली आणि म्हणाली, "पुढं."